पिसे झडण्याचे दिवस: कासा परिसरातील कोंबड्या, थंडी आणि शुश्रूषेचा इतिहास

कोंबडीच्या वर्षातला सर्वांत नाजूक काळ आश्विनापासून माघापर्यंतचा. जुनी पिसे गळतात, नवी फुटू लागतात, अंडी थांबतात आणि त्याच सुमारास थंडी उतरते. एरवी दिवसभर उकिरडा उकरत फिरणारी कोंबडी या दिवसांत अंग चोरून एका कोपऱ्यात बसते. ती पिसे टाकते आहे म्हणून गप्प आहे की आजारी पडली आहे, हे ओळखण्यावर तिचा जीव अवलंबून असतो. पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी तालुक्यांत, विशेषतः कासा गावाच्या आसपासच्या पाड्यांवर, ही पारख पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः बायकांनी सांभाळली. महसूल आणि जंगल खात्याच्या दप्तरांचे लक्ष शेतसारा, गवत आणि सागावर होते. त्यामुळे कोंबडीच्या शुश्रूषेचा इतिहास घराच्या रचनेत, पिकांच्या वेळापत्रकात आणि रोगांच्या साथींमध्ये शोधावा लागतो.

कासा हे गाव मुंबई–अहमदाबाद महामार्गावरच्या चारोटी नाक्याच्या पूर्वेला, डहाणूहून जव्हारकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सूर्या नदीच्या खोऱ्यात आहे. चारोटीजवळच विवळवेढे येथे महालक्ष्मीचे देऊळ असून चैत्र पौर्णिमेपासून तिची मोठी यात्रा भरते. पश्चिमेला डहाणू–बोर्डीची किनारपट्टी, तिथल्या चिकूच्या वाड्या आणि मच्छीमारांची गावे. पूर्वेला डोंगर आणि जंगल. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत हा सारा मुलूख ठाणे जिल्ह्यात मोडत असे. वस्ती प्रामुख्याने वारल्यांची. शिवाय मल्हार कोळी, कोकणा, कातकरी, दुबळा, धोडिया. एक गाव म्हणजे अनेक पाडे आणि एका पाड्यातली घरेही शेतांच्या अंतराने विखुरलेली, अशी इथली जुनी मांडणी. रोगाच्या दृष्टीने ही मांडणी फार उपकारक होती. एका घरच्या कोंबड्यांचा दुसऱ्या घरच्या कोंबड्यांशी रोजचा संबंध कमी येई. पाहुणेर म्हणून, नवसासाठी किंवा बाजारातून आलेली कोंबडी हीच रोगाची वाट असे.

या डोंगरांत राखी रानकोंबडा मूळचा राहणारा. पश्चिम घाटात आणि त्याच्या उत्तरेकडच्या रांगांत, दक्षिण गुजरातेपर्यंत तो आढळतो. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज मात्र आग्नेय आशियातला तांबडा रानकोंबडा होय. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनातून असे दिसले की पाळीव कोंबडीच्या पिवळ्या कातडीचे जनुक राखी रानकोंबड्याकडून आलेले आहे. म्हणजे डहाणूच्या रानात आरवणाऱ्या या पक्ष्याच्या जातीचा अंश आज जगभरच्या कोंबड्यांत आहे. पिसे टाकण्याची रीतही रानातूनच आली आहे. विणीचा हंगाम आटोपला की राखी रानकोंबडा मानेवरची ठिपक्यांची झगझगीत पिसे टाकतो आणि काही महिने साध्या, काळपट पिसांत दडून राहतो.

पाळीव कोंबडी वर्षातून एकदा पिसे बदलते. दिवस लहान होऊ लागले की तिच्या मेंदूला ऋतू पालटल्याची खूण मिळते, अंडाशयाचे काम मंदावते आणि थायरॉइड ग्रंथीच्या स्रावांच्या प्रभावाखाली नवी पिसे जुन्यांना बाहेर ढकलतात. क्रम ठरलेला असतो: आधी डोके आणि मान, मग छाती व अंग, नंतर पंख आणि शेपटी. पंखाची मोठी पिसे एकामागून एक गळतात आणि त्यांतले प्रत्येक पूर्ण वाढायला सुमारे सहा आठवडे घेते. सगळे आवरायला साधारण दोन ते चार महिने लागतात. कासा विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे वीस अंशांवर आहे. इथला जूनमधला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास, तर डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस अकरा तासांच्या आसपास असतो. थंड देशांत हा फरक कितीतरी मोठा असतो आणि म्हणून तिथल्या कोंबड्या एकदम उघड्याबोडक्या होतात. इथली गावठी कोंबडी पिसे हळूहळू, तुकड्यातुकड्याने टाकते. शिवाय ती वर्षातून तीन-चार वेळा खुडूक बसते आणि प्रत्येक उबवणीत तिची थोडी पिसे जातातच. त्यामुळे पाड्यावर पिसांचा हंगाम एका तारखेला सुरू होऊन दुसऱ्या तारखेला संपत नाही. पण भात पिवळे पडू लागल्यापासून कोंबड्यांची रया जाऊ लागते, हे सर्वांच्या अनुभवाचे.

पिसाचा बहुतांश भाग प्रथिनाचा असतो. त्या प्रथिनाला गंधकयुक्त अमिनो आम्ले लागतात. कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते आणि ते टिकवण्याचे मुख्य साधन पिसेच. जुने पीस गेले आणि नवे अजून कांडीतच आहे, अशा अवस्थेत अंगातली ऊब झपाट्याने निघून जाते. ती भरून काढायला जास्त खावे लागते आणि त्याच वेळी नव्या पिसांसाठी प्रथिनही लागते. या दुहेरी खर्चामुळे एरवी अंगात दबून असलेला जंत, उवांचा त्रास किंवा सर्दी डोके वर काढते. डहाणूच्या किनाऱ्यावर समुद्रामुळे थंडी सौम्य असते. कासा आणि त्याच्या पूर्वेचे पाडे आत असल्याने तिथे रात्री अधिक गारठतात. सूर्येच्या खोऱ्यात पहाटे धुके उतरते आणि दव गवतावर उशिरापर्यंत राहते. कोंबडीला कोरड्या थंडीपेक्षा ही ओल अधिक बाधते, कारण भिजलेली पिसे ऊब धरत नाहीत.

या थंडीवरचा सर्वांत जुना उपाय म्हणजे घर. वारल्यांचे परंपरागत घर सागाच्या किंवा ऐनाच्या लाकडी सांगाड्यावर उभे असते. कारवीच्या काठ्यांचे कूड, त्यावर शेणमातीचा लेप, वर गवताचे किंवा कौलांचे छप्पर आणि आत चूल. माणसे, बैल, शेळ्या आणि कोंबड्या रात्री एकाच छपराखाली येत. कोंबड्यांना चुलीपासून थोड्या अंतरावर डालग्याखाली किंवा आडव्या बांबूवर जागा असे. कारवीचा कूड वारा अडवतो, पण हवा पूर्ण कोंडत नाही. शेणमातीचा थर दिवसाची ऊब धरून ठेवतो. निवत चाललेल्या चुलीची धग पहाटेपर्यंत पुरते. पशुवैद्यकाच्या पुस्तकात आजारी कोंबडीसाठी जे सांगितलेले असते, म्हणजे कोरडी जागा, झुळूक न लागणारा कोपरा, मंद उष्णता आणि कळपापासून वेगळेपण, ते सारे या घरात डालगे उलटे टाकले की मिळत असे. डालग्याच्या विणीतून उजेड येतो, पाण्याची वाटी आत ठेवता येते आणि इतर कोंबड्यांना आजारी कोंबडीला टोचता येत नाही. हा शेवटचा लाभ पिसे झडताना फार मोलाचा ठरतो. नव्या पिसाच्या कांडीत रक्त असते. दुसऱ्या कोंबडीने ती टोचली की रक्त येते आणि रक्त दिसले की सगळा कळप तिथेच टोचू लागतो.

घरातल्या धुराचाही एक उपयोग होता. कोंबडीच्या अंगावरच्या उवा आणि बांबूच्या सांध्यांत लपून रात्री रक्त पिणाऱ्या बारीक किडी धूर आणि राख यांनी कमी होतात. चुलीतली राख एका खळग्यात टाकली की कोंबड्या आपणहून त्यात लोळतात. उवांनी बेजार झालेली कोंबडी आणि पिसे टाकणारी कोंबडी यांत वरवर फारसा फरक दिसत नाही, कारण दोघींची पिसे विस्कटलेली असतात. पंखाखाली आणि शेपटीच्या मुळाशी फुंकर मारून पाहिले की निवाडा होतो. पिसांच्या मुळाशी अंड्यांचे पांढरे पुंजके असले तर उवा. कातडीतून निळसर कांड्या वर येत असल्या तर नवी पिसे. उवांसाठी सीताफळाच्या बियांची पूड वापरण्याचा प्रघात महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी आहे. ती डोळ्यांत गेल्यास डोळ्यांना गंभीर इजा होते, म्हणून जाणती माणसे ती डोक्याजवळ लावत नाहीत.

खाण्याचा हिशेब अधिक गुंतागुंतीचा आहे. या भागात श्रावण-भाद्रपद म्हणजे तंगीचे महिने. घरातले धान्य संपलेले असे आणि जुन्या काळी सावकाराकडून खावटी उचलावी लागे. माणसांनाच पुरेसे नसे तिथे कोंबडीला दाणा कुठला? पण पावसाळ्यात रान तिला पोसते. टोळ, अळ्या, गांडुळे, वाळवी, बांधावरचे लहान खेकडे या सगळ्यांत भरपूर प्रथिन असते. वाळवीने भरलेले लाकूड किंवा वारुळाचा तुकडा आणून पिल्लांसमोर फोडणे ही पाड्यांवरची जुनी रीत आहे आणि पिल्लांच्या वाढीसाठी त्याहून चांगले खाद्य शोधून सापडणार नाही. पुढे आश्विनात हळवे भात कापले जाते, मग गरवे, मग नागली आणि वरई. खळ्यावर सांडलेले दाणे, पाखडताना उडालेली कणी, कोंडा यांमुळे कोंबडीचा पोटू, म्हणजे गळ्याखालची दाण्याची पिशवी, संध्याकाळी गच्च भरलेला असतो. मात्र तांदळात प्रथिन जेमतेम सात-आठ टक्के असते आणि पाऊस गेल्यावर किडे कमी होत जातात. म्हणजे पिसांसाठी प्रथिनाची गरज सर्वांत जास्त असते तेव्हा कोंबडी पोटभर जेवते, पण तिच्या जेवणात हवे ते नसते. पौषातल्या कित्येक आजारांचे मूळ या उणिवेत आहे.

ती उणीव काही अंशी समुद्राने भरून काढली. झाई, बोर्डी, डहाणू आणि चिंचणीच्या किनाऱ्यावर पावसाळ्यानंतर बोंबील, जवळा आणि करंदी वाळवली जाते. ही सुकी मासळी डोक्यावरच्या पाट्यांतून आणि आठवडे बाजारांतून आतल्या पाड्यांपर्यंत पोचे. बदल्यात भात, लाकूडफाटा, कधी अंडी जात. निवडताना पडलेला चुरा, मासळीची डोकी आणि धुतलेले पाणी कोंबड्यांच्या वाट्याला येई. वाळलेल्या जवळ्यात अर्ध्याहून अधिक भाग प्रथिनाचा असतो. पिसे फुटण्याच्या दिवसांत मूठभर चुरा कण्यांत मिसळून देणे हा उपाय कोणत्याही दुकानी खाद्याच्या तोडीचा आहे. हा दर्यावरचा आणि डोंगरावरचा व्यवहार भाताच्या आणि माशांच्या मोबदल्याचा म्हणून सांगितला जातो. त्यातला कोंबडीचा वाटाही ध्यानात घ्यायला हवा.

आजार ओळखण्याच्या खुणा नजरेच्या होत्या आणि त्या आजही बदललेल्या नाहीत. पिसे टाकणारी कोंबडी सुस्त असली तरी तिचे डोळे स्वच्छ असतात, दाणे टाकले की ती उठते, तिचा तुरा फिका आणि आखडलेला असला तरी काळानिळा नसतो. आजारी कोंबडी डोळे मिटते, पंख खाली सोडते, मान आखडून उन्हातही फुगून बसते. तिचा पोटू सकाळीही भरलेला राहतो किंवा दिवसभर रिकामा असतो. हिरवी पातळ विष्ठा, श्वासाची घरघर, नाकातून चिकट पाणी, मान वाकडी होणे, ही वाईट लक्षणे. तुऱ्यावर आणि डोळ्याभोवती काळ्या खपल्या आल्या तर त्या देवी. पावसाळ्यात वाढलेले डास हा रोग पसरवतात, म्हणून तो पाऊस संपून थंडी लागताना अधिक दिसतो. खपल्यांना तेल-हळद लावायची, सर्दी झालेल्या कोंबडीला ठेचलेला लसूण आणि कांदा द्यायचा, कोमट पाणी पाजायचे, मऊ भात भरवायचा, ही घरगुती औषधयोजना महाराष्ट्राच्या खेड्यांत सर्वत्र आहे. त्यातल्या हळदीने जखम चिघळण्याचे टळते. पण बऱ्या होणाऱ्या कोंबड्या बहुतेक वेळा ऊब, पाणी आणि विश्रांती यांनी बऱ्या होतात. पातळ विष्ठा झालेली कोंबडी आधी पाण्यावाचून मरते. तिच्या चोचीशी थेंबाथेंबाने पाणी नेणारा हात हे तिचे पहिले औषध असते.

एक कोंबडी वाचवण्यासाठी एवढा खटाटोप का, याचे उत्तर त्या घराच्या जमाखर्चात होते. गावठी कोंबडी वर्षाला साधारण पन्नास-साठ अंडी देते आणि त्यांतली बरीच उबवणीला बसतात. ही मिळकत घरातल्या बाईच्या हातची. मीठ, तेल, बांगड्या, अचानक आलेला पाहुणा, तापाने फणफणलेले मूल, भगताने सांगितलेला बळी, या सगळ्या वेळी घरात विकता किंवा देता येण्यासारखी वस्तू कोंबडीच असे. वाघदेव, हिरवा, हिमाय अशा देवतांच्या पूजेत कोंबडा-कोंबडीचे स्थान ठरलेले आहे. वारली चित्रांतही घराभोवती दाणे टिपणाऱ्या कोंबड्या नेहमी दिसतात. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही भिंतीवरची कला कागदावर आणि कापडावर नेऊन जगभर पोचवली.

पण इतक्या जपून वाढवलेली कोंबडी नेहमी घरातच राहत नसे. एकोणिसाव्या शतकात जमिनी सावकार-जमीनदारांकडे आणि जंगल सरकारकडे गेले. त्यानंतर इथल्या आदिवासींवर वेठबिगार आणि लग्नाच्या कर्जापायी राबवणारी लग्नगडीची पद्धत लादली गेली. मुंबई प्रांताच्या अंशतः वगळलेल्या क्षेत्रांतील आदिवासींच्या स्थितीवर डी. सिमिंग्टन यांनी केलेला अहवाल १९३९ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात या शोषणाची सरकारी पातळीवर कबुली आली. जमीनदाराचा माणूस किंवा जंगलाचा शिपाई पाड्यावर आला की फुकटच्या श्रमाबरोबर कोंबडी-अंड्यांचीही मागणी होई. २३ मे १९४५ रोजी झरी येथे भरलेल्या सभेत हजारो वारल्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला. हे गाव आज तलासरी तालुक्यात आहे. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण मारले गेले. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालील या लढ्याचा इतिहास जमीन, मजुरी आणि माणुसकीचा म्हणून लिहिला गेला, आणि ते योग्यच आहे. आपल्या दारची कोंबडी आपल्या मर्जीने ठेवता, विकता किंवा देवाला देता येणे हाही त्या मुक्तीचाच एक भाग होता.

घरगुती शुश्रूषा जिथे सपशेल हरली ती जागा म्हणजे मानमोडी. १९२६ साली जावा बेटावर क्रानेवेल्ड यांनी आणि त्याच सुमारास इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे डॉइल यांनी या रोगाचे वर्णन केले. भारतात कुमाऊँच्या डोंगरातल्या राणीखेत येथे १९२७ साली तो आढळला. मुक्तेश्वरच्या पशुवैद्यकीय संशोधन संस्थेतील एडवर्ड्स यांनी त्याचा अभ्यास केला आणि भारतात त्याला राणीखेत हेच नाव पडले. रोग विषाणूचा असल्यामुळे लसूण, हळद, ऊब यांतले काहीच उपयोगी पडत नाही. लस न टोचलेल्या कोंबड्यांत साथ शिरली की चार-आठ दिवसांत खुराडे रिकामे होते. वाचलेल्यांपैकी काहींची मान कायमची वाकडी राहते. पाड्यांवर ही मर थंडीच्या अखेरीस आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी, म्हणजे पिसे नुकती भरून येऊन कोंबडी पुन्हा अंड्यावर येते तेव्हा, अनेकदा येते. कारण हवेइतकेच माणसांच्या हालचालींत आहे. लग्नसराई, शिमगा आणि यात्रा यांच्या निमित्ताने कोंबड्या या पाड्यावरून त्या पाड्यावर जातात. शिवाय मर लागली असे दिसताच उरलेल्या कोंबड्या विकून टाकायच्या किंवा नातलगांकडे पोचवायच्या, ही अगदी समजण्यासारखी धडपड रोगालाही पुढच्या पाड्यावर पोचवते.

लस निघायला फार काळ लागला नाही. मुक्तेश्वर येथे हॅडो आणि इदनानी यांनी विषाणूचा सौम्य केलेला वाण तयार केला आणि १९४०च्या दशकात त्याची लस वापरात आली. पुण्यातील औंध येथे १९४७ पासून पशुवैद्यकीय जैविक उत्पादनांची सरकारी संस्था आहे आणि राज्यातल्या पशुलसींचा मोठा भाग तिथेच तयार होत आला. सहा-आठ आठवड्यांच्या पिल्लाला पंखाखाली टोचायची आरटूबी लस आणि लहान पिल्लांच्या डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकायची लासोटा लस, ही जोडी पुढे रूढ झाली.

तरीही कासा परिसरातल्या कोंबड्या मरतच राहिल्या. याचे कारण लसीच्या बाटलीत सापडते. एका बाटलीत शंभर किंवा त्याहून अधिक मात्रा. विरघळवल्यावर ती एक-दोन तासांत वापरून संपवायची. तोवर बर्फात ठेवायची. हजार पक्ष्यांच्या पोल्ट्रीला हे सोयीचे आहे. ज्या पाड्यात एका घरी सात आणि पुढच्या घरी, ओढ्यापलीकडे, चार कोंबड्या आहेत, ज्या सकाळी डालग्यातून सुटल्या की संध्याकाळपर्यंत हाती लागत नाहीत, तिथे बर्फ वितळण्याच्या आत शंभर कोंबड्या गाठायच्या कशा? हा प्रश्न आफ्रिका आणि आग्नेय आशियातल्या खेड्यांतही तसाच होता. ऑस्ट्रेलियातील पीटर स्प्रॅडब्रो यांच्या संशोधनातून उष्णता सोसणाऱ्या वाणांच्या लसी तयार झाल्या. त्यांतला आय-टू हा वाण १९९०च्या दशकात विकसनशील देशांना मोफत उपलब्ध करून देण्यात आला. आदिवासी माणूस कोंबड्यांना लस टोचून घेत नाही, असे अधिकारी वर्गात वर्षानुवर्षे म्हटले गेले. ते अन्यायाचे होते. पाड्याच्या मापाची लसच त्याच्यापर्यंत पोचलेली नव्हती.

सरकारी धोरणाची दिशाही वेगळी होती. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात मुंबईत आरे येथे केंद्र सरकारचे कुक्कुटपालन केंद्र उभे राहिले आणि व्हाइट लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड अशा जास्त अंडी देणाऱ्या जातींवर भर आला. १९७१ साली सुरू झालेल्या वेंकटेश्वरा हॅचरीजने भारतातला अंडी-कोंबडीचा धंदा कारखान्याच्या पद्धतीवर नेला. आदिवासी विकासाच्या योजनांतून सुधारित जातीची पिल्ले पाड्यांवर वाटली गेली. त्यांतली कित्येक पहिल्या हिवाळ्यात गेली. ही पिल्ले खुडूक बसत नाहीत, घारीची सावली पाहून झुडपात शिरत नाहीत आणि पिसे टाकताना त्यांना समतोल खाद्य लागते. पुढे हैदराबादच्या संशोधन केंद्रातून आलेल्या वनराजा आणि ग्रामप्रिया, बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजा या जाती परसातल्या कोंबडीपालनासाठी मुद्दाम घडवल्या गेल्या आणि त्या अधिक टिकल्या. डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गोखले एज्युकेशन सोसायटीचे कृषी विज्ञान केंद्र १९७६ पासून आहे. भात, फळबाग आणि भाजीपाल्याबरोबर परसातल्या कोंबड्यांचे प्रशिक्षणही अशा केंद्रांच्या कामात येते.

पिसे टाकण्याच्या नैसर्गिक क्रियेचा कारखानदारीने वेगळाच उपयोग केला. सगळ्या कोंबड्यांनी एकाच वेळी पिसे टाकून पुन्हा जोमाने अंडी द्यावीत, म्हणून त्यांना काही दिवस उपाशी ठेवण्याची पद्धत अमेरिकेतून जगभर पसरली आणि भारतातही आली. भारतीय पशुकल्याण मंडळाने २०११ साली अशी उपासमार क्रूरता ठरते, असे स्पष्ट करून ती थांबवण्यास सांगितले. ज्या अवस्थेत पाड्यावरची बाई कोंबडीला मासळीचा चुरा शोधून घालते, त्याच अवस्थेत तिचे खाद्य काढून घेणे हे या व्यवसायाच्या इतिहासातले लाजिरवाणे पान आहे.

गेल्या चाळीस वर्षांत दोन बदलांनी थंडीतल्या शुश्रूषेची जुनी घडी मोडली. पहिला बदल घराचा. १९८५ च्या इंदिरा आवास योजनेपासून पुढे आलेल्या घरकुल योजनांतून विटा-सिमेंटच्या भिंती आणि पत्र्याचे छप्पर आले. माणसांच्या दृष्टीने ही घरे पावसाला आणि आगीला टिकाऊ. कोंबड्या मात्र घराबाहेर गेल्या. त्यांच्यासाठी केलेली खुराडी बहुधा पत्र्याच्या तुकड्यांची. पत्रा दुपारी तापतो आणि पहाटे त्याच्या आतल्या बाजूने दव टपकते. चुलीची ऊब तिथे नाही, धूरही नाही. खुराड्याच्या तीन बाजूंना पेंढा किंवा बारदान लावणे, खाली भाताच्या तुसाचा जाड थर पसरून तो कोरडा ठेवणे आणि वरच्या बाजूला हवेसाठी फट सोडणे हे त्यावरचे उत्तर आहे. सगळ्या फटी बुजवल्या तर विष्ठेचा अमोनिया आत कोंडतो आणि थंडीपेक्षा त्यानेच श्वासाचे रोग अधिक होतात.

दुसरा बदल स्थलांतराचा. दिवाळी झाली, भात झोडून झाले की इथली असंख्य कुटुंबे वसई, भिवंडी आणि आसपासच्या वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर आणि बोटींवर कामाला जातात आणि उन्हाळ्यातच परततात. म्हणजे कोंबडीच्या सर्वांत नाजूक महिन्यांत तिची पारख असलेली बाई घरी नसते. कोंबड्या म्हाताऱ्या माणसांकडे किंवा शेजाऱ्यांकडे राहतात. काही कुटुंबे त्यांना टोपलीत घालून भट्टीवर नेतात, जिथे निरनिराळ्या गावांच्या कोंबड्या एकत्र येतात. पाड्यांच्या विखुरलेपणाने जी आपोआप राखण होत असे ती भट्टीवर नाहीशी होते.

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातला पहिला बर्ड फ्लू आढळला तोही थंडीच्याच अखेरीस. पोल्ट्र्यांबरोबर परिसरातल्या घराघरांतल्या कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. नवापूरही आदिवासी मुलूख, आणि तिथल्या अनेक घरांनी त्या दिवसांत आपल्या साऱ्या कोंबड्या गमावल्या. तेव्हापासून एकाच वेळी अनेक कोंबड्या अचानक मरू लागल्या तर घरगुती उपचार थांबवून पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवणे, मेलेली कोंबडी उघड्यावर न टाकता चुन्यासह खोल पुरणे, ती न खाणे आणि न विकणे हे नियम शासनाने पुन्हा पुन्हा सांगितले आहेत.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्या आणि इतर पक्षी मिळून ३१ कोटी ७० लाखांच्या घरात निघाले. आधीच्या गणनेपेक्षा ही वाढ जवळजवळ ४६ टक्क्यांची होती. कारखान्यांच्या जमान्यात गावठी कोंबडी संपेल असे मानणाऱ्यांचा अंदाज चुकला. महामार्गावरच्या ढाब्यांपासून मुंबईच्या बाजारापर्यंत तिला आज पोल्ट्रीच्या कोंबडीपेक्षा चढा भाव मिळतो. २०११ साली सुरू झालेल्या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातून गावोगावच्या बायकांना पशुसखी म्हणून प्रशिक्षण मिळू लागले. पाड्यातलीच बाई थर्मासमध्ये बर्फ आणि लस घेऊन संध्याकाळी, कोंबड्या डालग्याखाली गेल्यावर किंवा पहाटे त्या सुटण्याआधी, घरोघर जाते. टोचण्याच्या आठवडाभर आधी जंताचे औषध दिले जाते. पिसे गळत असलेल्या, अशक्त किंवा आजारी कोंबडीला आरटूबीसारखी जहाल लस टोचत नाहीत, कारण लसीचा ताण तिला सोसत नाही. तिला सावरू देऊन नंतर टोचतात. म्हणून या भागासाठी सोयीचा काळ नवरात्राच्या आधीचा: पावसाची झड सरलेली, पिसे झडायला नुकती सुरुवात होणारी आणि कुटुंबे अजून भट्टीवर न गेलेली.